हकीम इब्न अल-नफीस

मुलांनो, मधली सुट्टी संपल्याची घंटा होते, तेव्हा तुम्ही नेमके मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असता. मग वर्गाकडे धूम ठोकता. तुमची शाळा वाशीमला असो, कारंज्याला असो, रिसोडला असो की मंगरूळपीरला, हे दृश्य सगळीकडे सारखेच! वर्गाच्या दारात पोहोचेपर्यंत छाती धडधडू लागते आणि दम लागतो. आता जरा छातीवर हात ठेवून विचार करा. पळाले ते पाय. मग हृदय का धावते? आणि हृदय धावते तेव्हा श्वासही का धावतो? हृदयाचे आणि फुप्फुसांचे असे कोणते नाते आहे, की एकाची घाई झाली की दुसऱ्यालाही घाई होते?

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात याचे उत्तर दोन ओळींत दिलेले असते. हृदयाच्या उजव्या भागातील रक्त फुप्फुसांत जाते, तेथे हवेतील ऑक्सिजन घेते आणि हृदयाच्या डाव्या भागात परत येते. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु एवढी साधी गोष्ट माणसाला कळायला किती काळ लागला आणि कळल्यावर ती पुन्हा कशी हरवली, हे फारसे कोणी सांगत नाही. ते आज तुम्हांला सांगायचे आहे. ही हकिकत आहे हकीम इब्न अल-नफीस यांची.

त्यांचे नाव अलाउद्दीन अबुल हसन अली. इब्न अल-नफीस या नावाने ते ओळखले गेले. आपण सोयीसाठी त्यांना इब्न नफीस म्हणू. हिजरी सन ६०७ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२१० च्या आसपास, दमास्कस शहराजवळ त्यांचा जन्म झाला. दमास्कस आजच्या सीरिया देशात आहे. तुम्ही उर्दूत त्याला दमिश्क म्हणता.

त्या काळी दमास्कसमध्ये एक मोठा शिफाखाना होता. सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी तो बाराव्या शतकात बांधला, म्हणून त्याला नूरी शिफाखाना म्हणत. त्याची इमारत आजही उभी आहे. तेथे नुसते औषधपाणी होत नसे, वैद्यकाचे शिक्षणही मिळे. सकाळी उस्ताद एकेका रोग्याजवळ जात, त्याची नब्ज पाहत, औषध आणि पथ्य सांगत. शिष्य मागोमाग फिरत. मग सगळे एका प्रशस्त दालनात बसत आणि ग्रंथ उघडून चर्चा करत. रोगी आधी आणि पुस्तक नंतर, अशी ही रीत होती. मला ती फार शहाणपणाची वाटते.

इब्न नफीस यांचे उस्ताद होते अद-दख्वार. ते नामांकित हकीम होते. त्यांनी दमास्कसमधले आपले राहते घर वैद्यकाच्या शिक्षणासाठी वक्फ करून टाकले. उस्तादांची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच काळात त्याच उस्तादांकडे आणखी एक हुशार विद्यार्थी शिकत होता. त्याचे नाव इब्न अबी उसैबिया. पुढे त्याने शेकडो वैद्यांची चरित्रे असलेला एक प्रचंड ग्रंथ लिहिला. आजही जुन्या वैद्यांची माहिती हवी असली, की विद्वान तोच ग्रंथ उघडतात. पण गंमत अशी, की त्या ग्रंथाच्या नेहमीच्या प्रतींत इब्न नफीस यांचे चरित्रच नाही! शेकडो लोकांची नोंद केली आणि आपल्या गुरुबंधूला वगळले. यामागे रुसवा होता की दुसरे काही, याबद्दल लोकांनी पुष्कळ तर्क केले आहेत. ते असो.

शिक्षण संपल्यावर इब्न नफीस मिसर देशात कैरो शहरी आले आणि तेथेच कायमचे राहिले. तेथे त्यांनी शिफाखान्यात काम केले आणि विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवले. त्यांचा अभ्यास केवळ वैद्यकाचा नव्हता. कैरोतील मसरूरिया मदरशात ते शाफई फिक्ह शिकवत. हदीसशास्त्रावर आणि अरबी व्याकरणावरही त्यांनी लिहिले. निर्जन बेटावर एकटाच वाढलेला कामिल नावाचा मुलगा केवळ विचारांच्या बळावर एकेक गोष्ट कशी जाणून घेतो, अशी एक कथाही त्यांनी रचली. सुलतान बैबर्स यांच्या काळात ते मिसरमधील हकिमांचे प्रमुख झाले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

तुम्ही इब्न सीना यांचे नाव नक्कीच ऐकले असेल. इब्न नफीस यांच्या जन्माआधी पावणेदोनशे वर्षे, म्हणजे १०३७ साली, ते वारले. त्यांचा अल-कानून हा ग्रंथ म्हणजे त्या काळच्या वैद्यकाचा कळस होता. तो पाठ केल्याशिवाय कोणी हकीम होत नसे. इब्न नफीस यांचाही तो मुखोद्गत होता आणि इब्न सीनांबद्दल त्यांच्या मनात मोठा आदर होता. या ग्रंथात शरीराच्या रचनेबद्दल जेथे जेथे लिहिले आहे, ते सर्व एकत्र करून त्याचा अर्थ स्पष्ट करणारे एक पुस्तक त्यांनी लिहिले. अशा पुस्तकाला अरबीत शरह म्हणतात, मराठीत आपण टीका किंवा भाष्य म्हणतो. १२४२ सालापर्यंत ते लिहून झाले होते. तेव्हा त्यांचे वय जेमतेम तीस-बत्तीस वर्षांचे होते.

शरह लिहिणाऱ्याचे काम काय? मूळ ग्रंथात जे आहे ते समजावून सांगणे. पण इब्न नफीस हृदयाच्या प्रकरणाशी आले आणि थबकले.

ते का थबकले, हे समजण्यासाठी आधी गेलन यांचे म्हणणे पाहू. अरबीत त्यांना जालीनूस म्हणतात. ते दुसऱ्या शतकातले ग्रीक वैद्य. माकडे, डुकरे असे प्राणी कापून त्यांनी शरीराची पुष्कळ माहिती मिळवली होती. रक्त यकृतात तयार होते आणि तेथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते, असे ते मानत. डाव्या कप्प्यात फुप्फुसांकडून हवा येते. मग उजवीकडचे रक्त डावीकडे कसे जाते? दोन्ही कप्प्यांच्या मध्ये तर जाड भिंत आहे. गेलन म्हणाले, की भिंतीत अतिशय बारीक छिद्रे आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांतून रक्त पाझरते.

तुम्हांला हे हास्यास्पद वाटेल. पण थांबा. उन्हाळ्यात तुमच्या घरी पाण्याचा माठ असतो ना? त्याला कुठे छिद्र दिसते का? तरीही त्याच्या अंगावर पाणी येतेच, बाहेरून हात लावला तर हात ओला होतो. मग हृदयाची भिंतही माठासारखी असली तर? गेलन यांचा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. म्हणूनच हजार वर्षे मोठमोठ्या विद्वानांनी तो मानला. इब्न सीनांनीही डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या वाटेची कल्पना मान्य केली होती.

इब्न नफीस यांनी मात्र सरळ लिहिले, की तेथे वाट नाही. भिंतीचा तो भाग घट्ट मांसाचा आहे. त्यात दिसणारे छिद्र नाही आणि गेलन म्हणतात तसे न दिसणारे छिद्रही नाही. हृदय म्हणजे माठ नव्हे.

आता वाट नसेल तर रक्त पलीकडे जाते कसे? हा प्रश्न तुमच्या ओळखीच्या एका उदाहरणाने पाहा. दोन वावरांच्या मध्ये धुरा आहे. धुरा पक्का आहे, कुठे फुटलेला नाही, त्याखालून पाणीही झिरपत नाही. तरी पहिल्या वावरातले पाणी दुसऱ्या वावरात पोहोचले आहे. तुम्ही काय म्हणाल? पाणी लांबून कुठल्या तरी नालीने वळसा घालून आले असले पाहिजे, आणि मग तुम्ही ती नाली शोधू लागाल.

इब्न नफीस यांनी तशीच नाली शोधली. उजव्या कप्प्यातून एक जाड वाहिनी निघते आणि ती फुप्फुसांकडे जाते, हे सर्वांना ठाऊक होते. फुप्फुसांकडून एक पातळ वाहिनी डाव्या कप्प्यात येते, हेही ठाऊक होते. आज आपण पहिलीला फुप्फुस धमनी आणि दुसरीला फुप्फुस शिरा म्हणतो. जुने वैद्य समजत, की पहिली वाहिनी फुप्फुसांना थोडेसे अन्न पुरवते आणि दुसरी हवा आणते. इब्न नफीस म्हणाले, की खरा मार्ग हाच आहे. उजव्या कप्प्यातले रक्त पहिल्या वाहिनीने फुप्फुसांत जाते, तेथे पसरते, हवेत मिसळते, शुद्ध होते आणि दुसऱ्या वाहिनीने डाव्या कप्प्यात येते. दुसरा मार्गच नाही.

त्यांचा विचार येथेच थांबला नाही. मला त्यांच्या विचारातला सर्वांत सुंदर भाग पुढचा वाटतो. पहिली वाहिनी जाड आणि दुसरी पातळ, असे का असावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. जी भिंत जाड आहे, तिच्यातून रक्ताचा फक्त अगदी पातळ अंश बाहेर पडू शकेल. जी भिंत पातळ आहे, ती बाहेरचे सहज आत घेऊ शकेल. म्हणजे पहिलीतून पाझरायचे आणि दुसरीने गोळा करायचे. यासाठी या दोन वाहिन्यांच्या मध्ये बारीक बारीक वाटा असल्या पाहिजेत, असे त्यांनी लिहिले. त्यासाठी त्यांनी मनाफिज हा शब्द वापरला. तुमच्या उर्दूतला नफूज हा शब्द त्याच घराण्यातला आहे, तेव्हा अर्थ तुम्हांला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

या वाटा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. पाहणे शक्यच नव्हते, कारण सूक्ष्मदर्शक यंत्र निघायला अजून साडेतीनशे वर्षे होती. शरीर कापून पाहण्यापासून शरीअत आणि मनातली दया या दोन गोष्टींनी मला रोखले, असे त्यांनी आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे. पण ठिकठिकाणी ते शरीर फाडून मिळालेल्या पुराव्याचा हवालाही देतात. त्यामुळे त्यांनी निदान प्राण्यांची हृदये तरी न्याहाळली असावीत, असे काही अभ्यासक मानतात.

आणखी दोन ठिकाणी त्यांनी इब्न सीनांना दुरुस्त केले. हृदयात तीन कप्पे आहेत, असे इब्न सीना लिहितात. इब्न नफीस म्हणाले, दोनच. कर्णिका म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे त्या काळी वेगळे मोजत नसत, म्हणून दोन. हृदय आपल्या कप्प्यातल्या रक्तावर पोसते, असे इब्न सीना म्हणत. इब्न नफीस म्हणाले, तसे नाही, हृदयाच्या मांसातच बारीक वाहिन्या आहेत, त्या त्याला रक्त पुरवतात. आज एखाद्याला हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हा बहुधा याच वाहिन्यांपैकी एखादी बंद पडलेली असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इब्न नफीस यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. डाव्या कप्प्यात हवा आणि रक्त मिळून रूह तयार होते, ही जुनी कल्पना त्यांनी सोडली नव्हती. रक्त साऱ्या शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे परत येते, हे पूर्ण चक्र त्यांनी सांगितलेले नाही. ते १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी प्रयोग करून आणि मोजमाप करून दाखवले. काही पुस्तकांत इब्न नफीस यांना साऱ्या रक्ताभिसरणाचे शोधक ठरवलेले असते. ते खरे नाही आणि त्याची गरजही नाही. हृदयापासून फुप्फुसांपर्यंत आणि फुप्फुसांपासून हृदयापर्यंत, एवढा लहान फेरा त्यांचा. तो पहिल्यांदा कागदावर मांडला त्यांनी, आणि तोही अगदी नेमका.

माणूस म्हणून ते कसे होते? जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे, की ते उंच आणि सडपातळ होते. लिहायला बसण्याआधी त्यांच्यासाठी पुष्कळ बोरू तासून ठेवलेले असत. मग ते भिंतीकडे तोंड करून बसत आणि कोणतेही पुस्तक न पाहता लिहीत सुटत. बोरूचे टोक बोथट झाले की तो बाजूला टाकत आणि दुसरा उचलत. तासण्यात वेळ जाऊ नये म्हणून ही व्यवस्था.

एकदा ते हमामात गेले होते. अंगाला साबण लावलेला, स्नान अर्धेच झालेले. तेवढ्यात नब्जेबद्दल काही तरी डोक्यात आले. लगेच उठले, बाहेरच्या खोलीत आले, दौत, कलम आणि कागद मागवले आणि तेथेच बसून नब्जेवरचा एक निबंध सुरू करून संपवलासुद्धा. मग परत आत गेले आणि राहिलेले स्नान पुरे केले! या हकिकतीतले हमाम, दौत, कलम, कागद हे सगळे शब्द मराठीतही आहेत, हे तुमच्या लक्षात आले का? मराठी शिकताना तुम्हांला वाटते तितकी ही भाषा तुमच्यासाठी परकी नाही.

ते असे झपाट्याने का लिहीत होते? स्वभावच तसा होता, हे तर खरेच. पण काळही मोठा कठीण होता. १२५८ साली मोंगल फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले. तेथील ग्रंथालये नष्ट झाली. दोनच वर्षांनी, १२६० मध्ये, इब्न नफीस यांचे दमास्कसही मोंगलांच्या हाती पडले. त्याच वर्षी ऐन जालूतच्या लढाईत मिसरच्या सैन्याने मोंगलांना रोखले, म्हणून कैरो वाचले. पूर्वेकडचे विद्वान आणि त्यांच्याबरोबर आलेली पुस्तके कैरोत जमू लागली. इब्न नफीस यांनी साऱ्या वैद्यकाचा एक महाग्रंथ योजला, अश-शामिल. त्याचे ३०० खंड व्हायचे होते. मृत्यूपर्यंत ८० खंडांची शुद्ध प्रत तयार झाली होती.

१२८४ साली सुलतान मन्सूर कलाऊन यांनी कैरोत एक भव्य शिफाखाना बांधला. स्त्री असो, पुरुष असो, श्रीमंत असो की गरीब, तेथे सर्वांवर इलाज होई. तापाचे रोगी वेगळे, डोळ्यांचे वेगळे, जखमांचे वेगळे अशी व्यवस्था होती. इब्न नफीस तेव्हा म्हातारे झाले होते. कैरोत त्यांचे संगमरवरी फरशीचे सुंदर घर होते आणि त्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. घर, पुस्तके आणि मालमत्ता हे सर्व त्यांनी या मन्सूरी शिफाखान्याला देऊन टाकले. उस्ताद अद-दख्वार यांचे घर आठवले ना? दमास्कसमध्ये उस्तादांनी जे केले, तेच शिष्याने अर्धशतकानंतर कैरोत केले.

शेवटच्या आजारात काही हकिमांनी त्यांना औषध म्हणून थोडी दारू घेण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. पोटात दारू घेऊन आपल्याला अल्लाहसमोर जायचे नाही, असे त्यांनी सांगितले. १७ डिसेंबर १२८८ रोजी, शुक्रवारी पहाटे, ते वारले. चांद्र वर्षे धरली तर वय ऐंशीच्या आसपास होते.

मुलांनो, माणूस गेला. आता त्यांच्या शोधाचे काय झाले ते ऐका.

काही थोड्या टीकाकारांनी चौदाव्या शतकात त्यांचे हृदयाबद्दलचे मत आपल्या ग्रंथांत नोंदवले. पण बहुतेक हकीम गेलन आणि इब्न सीना यांचेच म्हणणे शिकवत राहिले. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट घडली. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी इब्न नफीस यांच्या नावाचा कानूनचा एक छोटा सारांश प्रसिद्ध झाला होता. त्याचे नाव मूजज. तो इतका लोकप्रिय झाला, की त्याच्यावर पुन्हा टीका लिहिल्या गेल्या. पंधराव्या शतकात समरकंदला, उलुग बेग यांच्या दरबारी असलेल्या नफीस इब्न इवज किरमानी या हकिमांनी लिहिलेली टीका नफीसी या नावाने ओळखली जाते. नावे जवळजवळ सारखी आहेत, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो, पण ही दोन वेगळी माणसे. मूजज आणि नफीसी ही पुस्तके हिंदुस्थानातही आली आणि येथील युनानी मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. म्हणजे इब्न नफीस यांचे नाव आपल्या देशातल्या हकिमांना चांगले माहीत होते. पण मूजज लिहिताना शरीररचनेचा भाग सोडून दिलेला होता! जे पुस्तक सगळीकडे गेले, त्यात तो शोध नव्हता. ज्यात शोध होता, ते पुस्तक ग्रंथालयांच्या कपाटांत पडून राहिले.

इकडे युरोपात १५५३ साली मिगेल सर्वेतो यांनी आणि १५५९ साली रेआल्दो कोलोंबो यांनी हाच लहान फेरा पुन्हा मांडला. त्यांना इब्न नफीस यांच्या लेखनाची काही खबर होती का? इटलीतले आंद्रेआ आल्पागो नावाचे एक वैद्य दमास्कसमध्ये अनेक वर्षे राहिले होते आणि त्यांनी इब्न नफीस यांच्या काही मजकुराचे लॅटिन भाषांतर केले होते. ते १५४७ मध्ये व्हेनिसला छापले गेले. पण छापलेल्या भागात या फेऱ्याचे वर्णन नाही. त्यामुळे विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

मग १६६१ साली इटलीतच मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले. धमनीच्या टोकापासून शिरेच्या टोकापर्यंत जाणाऱ्या अतिशय बारीक नळ्या त्यांना दिसल्या. आपण त्यांना केशवाहिन्या म्हणतो. इब्न नफीस ज्यांना मनाफिज म्हणत होते, त्या वाटा अखेर माणसाच्या डोळ्यांना दिसल्या. मध्ये चारशे वर्षांहून अधिक काळ गेला होता. माल्पिघींना अर्थात इब्न नफीस हे नावसुद्धा माहीत नव्हते.

त्या नळ्यांबद्दल आज आपल्याला किती तरी जास्त माहिती आहे. आपल्या फुप्फुसांत ३० कोटींहून अधिक वायुकोश असतात आणि प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. केशवाहिनीची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर. तिच्यातून तांबड्या रक्तपेशी जवळजवळ एका रांगेत जातात. स्वस्थ बसलेले असताना एक रक्तपेशी एका सेकंदापेक्षाही कमी वेळात तेथून पार होते आणि तेवढ्यात ऑक्सिजन घेते. या भिंतीतल्या पेशी नुसत्या अस्तरासारख्या पडून राहत नाहीत. वाहिनी केव्हा रुंद व्हावी आणि केव्हा अरुंद, हे ठरवणारे पदार्थ त्या तयार करतात. त्यांपैकी नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या अशा कामाच्या शोधासाठी १९९८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाहिनीची भिंत जशी, तसे तिचे काम, हा इब्न नफीस यांचा प्रश्न शास्त्रज्ञ आजही विचारत आहेत. फक्त त्यांच्या हाती आता अधिक चांगली साधने आहेत.

सुरुवातीचा तुमचा प्रश्नही आता सुटतो. बसलेले असताना हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लीटर रक्त फुप्फुसांत पाठवते. पळताना पायांना जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून हृदय त्याच्या तिप्पट-चौपट रक्त पाठवू लागते. एवढे रक्त आले की त्याला हवाही तेवढीच हवी. म्हणून छाती धडधडते तेव्हा श्वासही धावतो.

आता राहिले ते कपाटात पडलेले पुस्तक. मुहियुद्दीन अत-ततावी नावाचे एक तरुण मिसरी गृहस्थ जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे वैद्यक शिकत होते. १९२४ साली बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयातील अरबी हस्तलिखिते पाहताना त्यांच्या हाती इब्न नफीस यांची ती शरह लागली. त्यांनी हृदयाचे प्रकरण वाचले. भिंतीत छिद्र नाही, रक्त फुप्फुसांतून जाते, हे तेथे स्पष्ट लिहिलेले होते. हार्वेंच्या आधी जवळजवळ चारशे वर्षे! परक्या देशात, एका विद्यार्थ्याला, आपल्याच देशातल्या हकिमाचे हरवलेले पान सापडावे, याचे त्यांना काय वाटले असेल? त्यांनी त्यावरच आपला प्रबंध लिहिला. पण दैव पाहा, तो प्रबंधही तेव्हा छापला गेला नाही. कैरोत राहणारे जर्मन नेत्रवैद्य माक्स मायरहोफ यांना त्याची माहिती मिळाली. त्यांनी इतर हस्तलिखिते तपासली आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याविषयी लेख लिहिले. मग कुठे जगाला कळले. १२४२ ते १९२४, म्हणजे किती वर्षे झाली, ते तुम्हीच मोजा.

आपल्या भागात एखाद्या जुन्या हकिमांच्या घरी, जाड पुठ्ठ्याची, पिवळ्या पानांची मूजजची प्रत अजूनही असू शकते. कधी पाहायला मिळाली तर परवानगी घेऊन जरूर चाळा. मात्र हृदयाच्या भिंतीचे ते पान त्यात शोधू नका. ते दुसऱ्या पुस्तकात आहे.